शिबिर नको, शनिवारचं टेबल हवं

गल्लीच्या तोंडाशी मंडप, मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मागं फ्लेक्स: 'भव्य शासकीय योजना शिबिर'. मुंबईतल्या कुठल्या ना कुठल्या वस्तीत हे दृश्य सतत दिसतं. फॉर्म वाटले जातात, फोटो निघतात, संध्याकाळी मंडप उतरतो. पुढं किती जणांच्या खात्यात पैसे आले, हे विचारायला दुसऱ्या दिवशी तिथं कोणी नसतं. खरं काम फॉर्म भरल्यावर सुरू होतं. आधारवर 'लक्ष्मीबाई' आणि पासबुकावर 'लक्ष्मी' असतं. त्रुटीचा मेसेज नातवाच्या बंद पडलेल्या नंबरवर जातो. हयातीचा दाखला राहून जातो आणि पैसे थांबतात. शिबिराला यातलं काहीच सांभाळता येत नाही, कारण शिबिर एका दिवसाचं असतं.

चाळीतल्या किंवा वस्तीतल्या मंडळाला घरांसाठी, पोरांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी खरंच काही करायचं असेल, तर एक टेबल, एक वही आणि दर शनिवारचे दोन-तीन तास पुरतात. मुंबईला ही कल्पना नवी नाही. कामगार नेते ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगार वस्त्यांत रात्रशाळा, वाचनालयं चालवली. १९२७ साली नागपाडा नेबरहुड हाऊस हे वस्तीतलं सेवाकेंद्र सुरू झालं आणि त्याच कामातून १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी शाळा उभी राहिली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. या जागांचा मोठा गुण म्हणजे त्या रोज उघड्या असायच्या. माणसाला माहीत असायचं, कुठं जायचं आणि कधी जायचं.

जागा तळमजल्यावरचीच घ्या. व्यायामशाळेचा पुढचा भाग, समाजमंदिर, बुद्धविहार, सोसायटीचं ऑफिस, काहीही चालेल, पण जिना नको. गुडघे धरून बसलेली आजी पहिल्या मजल्यावरच्या मदत केंद्रात येत नाही, आणि ज्या घराला गरज सगळ्यांत जास्त तिथलं माणूस सगळ्यांत कमी चढू शकतं. वेळ ठरवताना आधी वस्तीच्या पाण्याची वेळ विचारा. सकाळी पाणी येत असेल तर त्या तासात एकही बाई घराबाहेर पडणार नाही. घरकामाला जाणाऱ्या बायका साधारण दुपारी दोन ते चारच्या मध्ये मोकळ्या असतात, म्हातारी माणसं चार वाजता चहा घेऊन निघतात, कॉलेजची पोरं रात्री आठनंतर. त्यामुळं शनिवारी तीन ते पाच ही वेळ घरांसाठी आणि ज्येष्ठांसाठी, आणि रात्रीचा एक तास पोरांसाठी, अशी विभागणी बऱ्याच ठिकाणी बसते. वेळ एकदा ठरली की ती मोडायची नाही. पाऊस पडला तरी टेबल लागलं पाहिजे, दोनच माणसं आली तरी.

टेबलावर दोघं लागतात, एक बोलणारा आणि एक लिहिणारा. एकटा माणूस बोलत बोलत लिहायला गेला की वही अर्धी राहते. सामान साधं आहे: दोनशे पानी लांब रजिस्टर, स्टेपलर, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, गोंद, वाचायचं भिंग, पारदर्शक प्लास्टिकच्या फाइली. वहीत रकाने असे आखा: तारीख, नाव, मोबाइल आणि तो कोणाचा, काम, काय आणलं, काय कमी आहे, पुढची तारीख, सोबत कोण जाणार, निकाल. 'मोबाइल कोणाचा' हा रकाना चेष्टेचा वाटतो, पण अर्धी कामं तिथंच अडकतात. नंबर सुनेचा असतो, सून माहेरी जाते, ओटीपी तिच्याकडं जातो.

दोन गोष्टींवर तडजोड नको. मूळ कागद टेबलावर ठेवून घ्यायचा नाही, एका रात्रीसाठीसुद्धा. आणि वहीत पूर्ण आधार क्रमांक लिहायचा नाही, शेवटचे चार अंक पुरतात. छायाप्रत द्यायची वेळ आली तर मुखवटा लावलेलं आधार डाउनलोड करा, त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. प्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख पेनानं आडवी लिहा. ओटीपी ज्याचा त्यानंच टाकायचा. स्वयंसेवक कितीही विश्वासाचा असला तरी 'सांगा ना पटकन' हे वाक्य त्या टेबलावर ऐकू येता कामा नये, कारण उद्या फसवणारा फोनवर नेमकं हेच वाक्य म्हणणार आहे.

पहिले तीन महिने फक्त तीन कामं घ्या: बँक खातं आणि आधार यांचं जुळणं, रेशन कार्डातली नावं, आणि ज्येष्ठांचं पेन्शन. दुसरं काम घेऊन कोणी आलं तर कुठं जायचं ते सांगा, पण वहीत घेऊ नका. सगळ्याच योजना एकदम उचलल्या की पहिल्या महिन्यात दीडशे नोंदी होतात आणि तिसऱ्या महिन्यात वही बंद पडते.

आधी बँक. 'केवायसी (ओळखीची पडताळणी) झालं आहे' आणि 'खातं आधारला जोडलं आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा घोळ बँकेच्या काउंटरवरही होतो. अनुदानाचे पैसे आधारवरून जातात, म्हणजे ज्या बँकेचं खातं थेट लाभासाठी सगळ्यांत शेवटी जोडलं गेलं, तिथं जातात. फॉर्मवर कुठला खाते क्रमांक लिहिला होता, त्यानं काही फरक पडत नाही. दोन वर्षांपूर्वी कुणी बाजारात टेबल टाकून शून्य शिलकीचं खातं उघडून दिलं असेल, तर आजीचे पैसे तिला ठाऊक नसलेल्या त्या खात्यात साठत असतात आणि ती इथं 'आलेच नाहीत' म्हणून रडते. म्हणून तक्रार करण्याआधी मायआधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय त्याची, स्थिती बघा, तिथं बँकेचं नाव दिसतं. खातं कुठंच जोडलेलं नसेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत उघडणं सगळ्यांत सोपं जातं, कारण पोस्टमन घरी येऊनही ते काम करू शकतो.

नावांची दुरुस्ती हा स्वतंत्र अभ्यास आहे. आपल्याकडं लग्नानंतर बाईचं पहिलं नावसुद्धा बदललेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर सुनंदा, रेशन कार्डावर वैशाली, मतदार ओळखपत्रावर वैशालीबाई. आधी ठरवा की आधार कुठल्या नावावर न्यायचं आहे, मग बाकी सगळं त्याच नावाकडं वळवा. उलट केलं तर फेऱ्या दुप्पट होतात. आधारवर नाव दोनदा बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून घाईत अर्ज करू नका. जुन्या माणसांच्या आधारवर बऱ्याचदा १ जानेवारी ही तारीख असते, नाहीतर नुसतं साल. वय चौसष्ट दिसत असेल आणि खरं वय सत्तर असेल, तर पासष्टच्या अटीवरचं पेन्शन सहा वर्षं हुकतं. शाळेत न गेलेल्या माणसासाठी वयाचा पुरावा म्हणून सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला विचारून घ्या. मतदार यादीतल्या वयाचा उताराही कामाला येतो.

म्हाताऱ्या माणसांचं काम

पेन्शनच्या तीन नावांत सगळ्यांचा गोंधळ होतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना १८ ते ६५ वयातल्या निराधार, विधवा, दिव्यांग, दुर्धर आजारी अशा लोकांसाठी. श्रावणबाळ योजना ६५ च्या पुढच्या निराधार ज्येष्ठांसाठी. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तीवेतन केंद्राचं, तेही ६५ च्या पुढं, पण नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं. रक्कम २०२३ मध्ये हजारावरून दीड हजार रुपये महिना झाली. अट मात्र कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असण्याची, दिव्यांगांना ५०,००० ची. २१,००० म्हणजे महिना १,७५० रुपये. मुंबईत एवढ्यात कोण जगतं, हा प्रश्न तहसील कार्यालयात विचारून उपयोग नाही, तिथला माणूस तो आकडा ठरवत नाही. पण ही अट धरूनच कागद लावावे लागतात. केशरी कार्ड १५,००० च्या वर आणि एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना असतं. त्यामुळं केशरी कार्डावर काही वर्षांपूर्वी साठ हजार उत्पन्न लिहिलेलं असेल आणि नव्या दाखल्यावर वीस हजार, तर शंका येणारच. मुलगा वेगळा राहत असेल तर आधी रेशन कार्ड वेगळं करा, मग उत्पन्नाचा दाखला, मग पेन्शनचा अर्ज. हा क्रम उलटला की अर्ज परत येतो.

पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा ही खास मुंबईची डोकेदुखी. झोपडी तुटली, संक्रमण शिबिरात गेले, तिथून इमारतीत आले, प्रत्येक ठिकाणी लाइट बिल वेगळ्या नावावर. अशा वेळी जुन्या मतदार यादीचा उतारा, जुनं रेशन कार्ड, झोपडीचा फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) यांची जुळवाजुळव करावी लागते. पुनर्वसनाच्या पात्रतेसाठी १ जानेवारी २००० ही तारीख महत्त्वाची असल्यामुळं त्या आधीचे कागद लोकांनी जपून ठेवलेले असतात. ते पत्र्याच्या पेटीत तळाशी असतात आणि कधी कधी पेटीची चावीच हरवलेली असते. ते बघितल्याशिवाय 'पुरावा नाही' असं लिहू नका.

अर्जाची पोच घ्या. शिक्का, तारीख आणि क्रमांक तिन्ही असलेली. ज्या सेवा लोकसेवा हक्क अधिनियमाखाली, म्हणजे २०१५ च्या कायद्याखाली अधिसूचित आहेत, त्यांना दिवसांची मुदत आहे आणि मुदत उलटली तर अपील करता येतं. पोच नसेल तर यातलं काहीच करता येत नाही. अर्जाला मंजुरी समितीच्या बैठकीत मिळते आणि बैठका निवडणुकीच्या आचारसंहितेत थांबतात. मुंबईत एकामागोमाग एक निवडणुका लागल्या की अर्ज महिनोन्महिने तसाच पडून राहतो. हे माणसाला आधीच सांगा, नाहीतर तो टेबलाला शिव्या घालतो आणि एजंटाकडं जातो.

मंजूर झाल्यावरची खरी अडचण म्हणजे हयातीचा दाखला. तो दरवर्षी द्यावा लागतो. कारखान्यात काम केलेल्यांचं ईपीएस-९५ चं पेन्शन असेल तर दाखला दिल्या दिवसापासून एक वर्ष चालतो, नोव्हेंबरच पाहिजे असं नाही. सरकारी पेन्शनरांचा महिना नोव्हेंबर, आणि ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. म्हणून वहीच्या शेवटी एक पान फक्त याच तारखांचं ठेवा. बोटांचे ठसे उमटत नाहीत ही तक्रार घरोघरी आहे, धुणीभांडी आणि कारखान्यातल्या कामानं रेषा झिजलेल्या असतात. तिथं मोबाइलवर चेहरा ओळखून जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, काढता येतं. खोलीत दिवा समोरून पाडा, पाठीमागं खिडकी नको, चष्मा काढा, डोळे मिटून उघडायला सांगा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येतो, डिजिटल दाखल्याचे ७० रुपये घेतो. रेशनच्या दुकानात ठसा जुळला नाही तर ओटीपी किंवा डोळ्याच्या बुबुळावरून काम होतं का ते दुकानदाराला विचारा, नुसतं परत फिरू नका.

सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. कार्ड आजारी पडल्यावर काढायला जाऊ नका. आयसीयूच्या दारात आधारचा ओटीपी शोधत बसणं फार वाईट. शनिवारी टेबलावर सत्तरीच्या माणसांची यादी करा आणि त्यांची कार्डं धडाक्यात काढून टाका. रुग्णालय त्या योजनेत अंगीकृत, म्हणजे सामील, आहे का, हे आत गेल्यावर पहिल्यांदा तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारायचं, बिल झाल्यावर नव्हे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. आलेल्या पैशात लोक घरात दुसरंच काही घेतात. माझ्या मते पहिला खर्च कमोड खुर्चीवर व्हावा, चाळीत रात्री सार्वजनिक संडासापर्यंत जाताना जितकी माणसं पडतात तितकी कुठंच पडत नाहीत. आणि घरात मोरी: उंबरठा उंच, लादी गुळगुळीत, धरायला नुसता नळ. भिंतीत एक लोखंडी दांडी बसवायला गवंडी अर्धा दिवस घेतो, मंडळाच्या पैशातून हे करून देणं कुठल्याही सत्कारापेक्षा बरं. सार्वजनिक जिन्यातल्या गेलेल्या दिव्यांची यादीही याच वहीत ठेवा.

घर नावावर करून घेऊन मुलानं बाहेर काढलं, अशी माणसंही या टेबलावर येतात. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा त्यांच्यासाठीच आहे. उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, तो संस्थेलाही त्यांच्या वतीनं करता येतो, आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. नोटीस पोचल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असं कायदा म्हणतो. बक्षीसपत्र रद्द करून मागायचं असेल तर त्यात 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असं लिहिलेलं असणं फार उपयोगी ठरतं. म्हणून ज्यांनी अजून सही केलेली नाही त्यांना हे आधीच सांगा: एक ओळ, पण तीच ओळ. आणि सांभाळाची अट मान्य नसलेल्या मुलाचा चेहरा त्याच क्षणी दिसतो, तेही बरंच.

एकट्या राहणाऱ्यांची यादी जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी. पण रोजचा फोन तुमचाच हवा: एका स्वयंसेवकाकडं दहा नावं, सकाळी नऊच्या आत. दोनदा उचलला नाही तर जिना चढायचा. देशभराची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. फसवणूक झाली असेल, म्हणजे 'डिजिटल अटक' वगैरे सांगून पैसे वळवून घेतले असतील, तर १९३० वर फोन लगेच करा, पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. हे दोन आकडे मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या मागं चिकटवून द्या. भिंतीवरचा कागद वेळेला सापडत नाही.

पोरांचं काम: जातीचा दाखला आणि अभ्यासिका

दहावीचा निकाल लागल्यावर एकदम धावपळ उडते, आणि तिचं मूळ गावात असतं. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यासाठी जुन्या तारखेचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. त्या वेळी बहुतेकांचे आजोबा कोकणात किंवा घाटावर होते. दाखला काढायचा अधिकारही त्या तारखेला कुटुंब जिथं राहत होतं, तिथल्या अधिकाऱ्याचा असतो. म्हणजे आजोबा तेव्हा संगमेश्वरला असतील तर वांद्र्यात खेटे घालून काही होणार नाही.

पुरावा मिळतो तो बहुधा गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. आजोबांनी दोनच इयत्ता शिकल्या असतील तरी नोंद असते, जातीच्या रकान्यासकट. आजोबा शाळेत गेले नसतील तर त्यांचा भाऊ, चुलत भाऊ यांची नोंद शोधा आणि वंशावळ जोडा. याला सगळ्यांत चांगला हंगाम गणपतीचा आणि मे महिन्याचा. गणपतीला गावी जाणाऱ्या नववीतल्या प्रत्येक पोराच्या बापाला जुलैमध्येच सांगा: शाळा बंद होण्याआधीच्या कामाच्या दिवशी पोचा, मुख्याध्यापकांकडं अर्ज द्या, उताऱ्यावर नाव, जात, जन्मस्थळ आणि नोंदीचा अनुक्रमांक स्पष्ट आहे का ते बघा. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गाडी पकडायची घाई असते आणि शाळेला सुट्टी असते, म्हणून ही गोष्ट पहिल्याच दिवशी उरकावी. बारावी विज्ञानाच्या पोरांनी पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत टाकावा. प्रवेशाच्या तोंडावर टाकलेल्या अर्जाची पावती घेऊन फिरायची वेळ दरवर्षी शेकडो घरांवर येते. नॉन-क्रीमी लेअरच्या, म्हणजे कुटुंब सधन गटात नसल्याच्या, दाखल्याची उत्पन्न मर्यादा आठ लाख आहे, दाखल्याची मुदत संपलेली नाही ना, तेही आताच बघा.

अभ्यासिका हा दुसरा विषय, आणि तिथं मंडळं अंथरूण पाहून पाय पसरत नाहीत. एकशेऐंशी चौरस फुटांच्या खोलीत मधोमध मोठं टेबल टाकलं की सहा पोरं बसतात आणि एकमेकांशी बोलतात. भिंतीला लागून दीड फूट रुंदीची फळी आणि प्रत्येकाच्या समोर भिंत असं केलं की दहा ते बारा बसतात आणि गप्प बसतात. दिवे डोक्यामागं नकोत, स्वतःची सावली वहीवर पडते. पंखे दोन हवेत, उन्हाळ्यात एकाचा वारा कोपऱ्यात पोचत नाही. दहावी-बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. डिसेंबर ते मार्च अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी ठेवायची, त्या काळात कॅरम बाहेर काढायचा आणि तो पुन्हा आत येणार नाही याची खात्री करायची. मुलींसाठी निम्म्या जागा राखा आणि परतण्याची व्यवस्था ठरवा: चार मुली एकत्र, सोबत एखादी आई किंवा मोठी ताई. शौचालय जवळ नसेल तर मुली येणं बंद करतात आणि कारण कोणी सांगत नाही. किल्ली दोघांकडंच हवी, त्यातला एक पन्नाशीच्या पुढचा.

नापास झालेल्याचं नाव वहीत वेगळं लिहा. जून-जुलैमधली पुरवणी परीक्षा, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणं, रात्रशाळा, आयटीआय, यातलं काय जमेल ते निकालाच्या आठवड्यातच ठरवा. आठवडा गेला की पोरगं डिलिव्हरीच्या ॲपवर जातं, आणि पहिला पगार हातात आल्यावर परत आणणं फार अवघड. घरात न बोलणारं, रात्रभर जागं राहणारं पोर असेल तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर आई-बापालाही द्या. फोन चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

घरातल्या गोष्टी

कमावता माणूस गेला की आधी पासबुक मागवा. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये आणि २० रुपये कापलेले दिसले तर त्याचा प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विमा होता. पहिल्यात मृत्यूनंतर दोन लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. घरच्यांना माहीतच नसतं, बँकही आपण विचारल्याशिवाय सांगत नाही. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याच खात्यावर विम्याची रक्कमही असते, जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत. कंपनीचं पत्र आणि यूएएन, म्हणजे त्या निधीचा क्रमांक, मागा. कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि मृत व्यक्तीचं वय १८ ते ५९ असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. तेरावं होऊन जाईपर्यंत कुणी बोलत नाही, ते योग्यच, पण महापालिकेचा मृत्यूचा दाखला मात्र किमान दहा प्रतींत पहिल्याच आठवड्यात काढा. नाव नीट लिहिलं आहे ना हे तिथंच बघा, दाखला बाहेर आल्यावर दुरुस्ती महिनाभर चालते.

एकच पालक राहिलेल्या, सोडून गेलेल्या, तुरुंगातल्या किंवा गंभीर आजारी पालकाच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, अठरा वर्षांपर्यंत दर मुलामागं दरमहा २,२५० रुपये. ती फक्त अनाथांसाठी आहे, असा समज सगळ्या वस्त्यांत पक्का बसलाय. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडं जातो, घरी चौकशी होते आणि बालकल्याण समिती आदेश काढते. मुलाचं बोनाफाइड, आधार, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि पालक व मुलं घरासमोर उभी असलेला फोटो जोडून ठेवा. चौकशीच्या दिवशी पालक घरी पाहिजे. आई कामावर असली की शेजारीण सांगते 'इथं राहत नाहीत वाटतं', आणि फाइल मागं पडते.

लहान मुलांचं कुपोषण ओळखायला दवाखान्याची गरज नाही. अंगणवाडीकडं रंगीत फीत असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा मध्य शोधायचा, हात सैल सोडायचा आणि मोजायचं. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र, साडेअकरा ते साडेबारा मध्यम. पहिल्या गटातलं मूल त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात न्यायचं, खिचडीच्या पाकिटावर ठेवायचं नाही. दंडावर फीत घट्ट ओढली की आकडा खोटा येतो, त्वचेत खड्डा पडायला नको.

मारहाणीची तक्रार घेऊन बाई आली तर मंडळानं समेट घडवायला बसू नये. अध्यक्षांच्या घरी नवऱ्याला बोलावून 'यापुढे असं होणार नाही' हे लिहून घेणं म्हणजे ती बाई त्याच रात्री परत मार खाणार. तिला पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात न्या, मुंबई पोलिसांसोबत टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली हा कक्ष सुरू केला. नाहीतर संरक्षण अधिकाऱ्याकडं. फोनवर १८१, मूल अडचणीत असेल तर १०९८. वकील परवडत नसेल तर १५१००, बाईला उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं. वहीत तिची नोंद फक्त तारीख आणि 'कक्षात नेलं' एवढीच करा. ती वही टेबलावर उघडी असते आणि तिचा दीर रोज तिथं कॅरम खेळायला येतो.

आता टेबल बंद का पडतं ते. पहिलं कारण पैसे. कुणी खुशीनं शंभर रुपये देतं, मग द्यायची पद्धत पडते, मग न देणाऱ्याचं काम मागं राहतं. एक रुपयासुद्धा घेऊ नका, झेरॉक्सही ज्याची त्यानं करून आणायची. मंडळानं खर्च केला तर तो वर्गणीच्या हिशेबात दिसला पाहिजे. दुसरं कारण पक्ष. टेबलावर कुठल्याही नेत्याचा फोटो लागला की वस्तीतली निम्मी घरं येणं बंद करतात, आणि बहुधा जास्त गरजू निम्मी. तिसरं, एकच हुशार पोरगा सगळं करतो, त्याचं लग्न होतं, तो बदलापूरला जातो. म्हणून दर तीन महिन्यांनी लिहिणारा आणि बोलणारा यांनी जागा बदलायची. वही मंडळाच्या कपाटात, कपाटाची दुसरी किल्ली वस्तीतल्या एखाद्या जुन्या बाईकडं. आणि 'निकाल' या रकान्यात 'झालं' असं तेव्हाच लिहायचं, जेव्हा पासबुक छापून आणलेलं असतं आणि जमा झालेली रक्कम दोघांनी डोळ्यांनी बघितलेली असते. फॉर्म भरला, पोच मिळाली, 'साहेब हो म्हणाले' याला पेन्सिलीनं खूण करा आणि पुढच्या शनिवारची तारीख टाका.